हिरवे दिसले म्हणजे काय दिसले?

आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेली एक लहानशी कुपी असते. तिच्यात शेळीच्या रक्तापासून मिळवलेले प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारे प्रथिन, आहे. ते माणसाच्या सिक्रीटरी कंपोनंट या प्रथिनाला ओळखते आणि त्याला एफआयटीसी हा प्रतिदीप्त रंग जोडलेला आहे. उजेडाने हा रंग फिका पडतो, म्हणून फॉइल. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला की तो सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश परत देतो, आणि अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा तो हिरवा रंग पाहणाऱ्याला सगळे काही कळल्यासारखे वाटते. मलाही तसेच वाटले होते.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे प्रतिपिंडेच, आणि त्यांचे अनेक वर्ग असतात. त्यांपैकी आयजीए आपले शरीर इतर सर्व वर्गांच्या एकत्रित उत्पादनापेक्षाही अधिक तयार करते. त्यातला मोठा भाग रक्तात राहत नाही, तर लाळ, अश्रू, दूध आणि आतड्यातील स्राव यांवाटे बाहेर पडतो. आतड्याच्या अस्तराखालील प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, आयजीएचे दोन रेणू जे-साखळी या छोट्या प्रथिनाने जोडून सोडतात. अस्तराच्या पेशी आपल्या तळाकडील ग्राहकाने (रिसेप्टर, म्हणजे पकडणारे प्रथिन) ती जोडी पकडतात, आतून पलीकडे नेतात, आणि तिथे तो ग्राहकच कापला जाऊन त्याचा तुकडा आयजीएला चिकटून बाहेर पडतो. हा तुकडा म्हणजे सिक्रीटरी कंपोनंट. स्रावांतील आयजीए रक्तातील आयजीएपेक्षा वेगळे असून त्याला एक जादा तुकडा जोडलेला असतो, हे टोमासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले. तो तुकडा आयजीए बनवणाऱ्या पेशीचा नसतो, तर ते वाहून नेणाऱ्या पेशीचा असतो, ही एक गोष्ट मी वाचली होती, पण स्लाइड पाहताना मला ती आठवली नाही.

मोठ्या आतड्याच्या गोठवलेल्या नमुन्याचे पातळ काप घेऊन मी ही कुपी वापरली. अस्तराच्या पेशी अपेक्षेप्रमाणे हिरव्या झाल्या, आणि अस्तराखाली विखुरलेल्या काही पेशी त्यांच्याहूनही झगझगीत दिसल्या. मी वहीत लिहिले, "आयजीए बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी, भरपूर." मॅडमनी वही वाचली, मायक्रोस्कोपमधून पाहिले आणि एवढेच विचारले, "प्लाझ्मा पेशीत सिक्रीटरी कंपोनंट आला कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. शेजारच्या कापावर त्यांनी मला शेळीचे साधे, कशालाच न ओळखणारे इम्युनोग्लोब्युलिन, तेही एफआयटीसी जोडलेले, लावायला सांगितले. अस्तर काळेच राहिले, पण त्या झगझगीत पेशी तशाच चमकल्या. तिसरा काप नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवल्यावर उलगडा झाला. दोन खंडांचे केंद्रक आणि लालभडक कण असलेल्या त्या पेशी ईओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, होत्या.

या फसगतीचे मूळ कुपीच्या रसायनात आहे. एफआयटीसी प्रतिपिंडावरील लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन गटांना जोडले जाते, त्यासाठी द्रावण अल्कधर्मी, साधारण पीएच ९ च्या पुढे, ठेवतात. प्रत्येक जोडणीत लायसिनचा धन प्रभार जातो आणि रंगाचा ऋण प्रभार येतो. ईओसिनोफिलच्या कणांतील प्रथिने तर कमालीची धन प्रभाराची; त्यांना हे ऋण प्रभारित प्रतिपिंड कोणत्याही ओळखीशिवाय चिकटते. म्हणून एका प्रतिपिंडामागे रंगाचे किती रेणू आहेत हे प्रमाण पाहावे लागते. ते फार वाढले तर असे आगंतुक चिकटणे वाढते, शिवाय जवळजवळ बसलेले रंगाचे रेणू एकमेकांचा प्रकाश गिळतात, त्यामुळे जास्त रंग म्हणजे जास्त उजेड हा हिशेबही चुकतो.

प्रतिपिंडाला रंग जोडण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांची. हार्वर्डमध्ये १९४१ साली त्यांच्या गटाने न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडावर ती आजमावली. तो पहिला रंग निळसर होता आणि ऊतींची स्वतःची प्रतिदीप्तीही निळसरच, म्हणून ते हिरव्या फ्लुओरेसिनकडे वळले. मात्र त्याचे जे रूप वापरावे लागे ते बनवायला फॉस्जीनसारखा विषारी वायू लागत असे आणि ते टिकतही नसे. एफआयटीसी १९५८ मध्ये आले आणि तो व्याप संपला.

असे प्रतिपिंड तयार करण्यासाठी प्राण्याला जे टोचतात ते बहुधा मानवी मातेच्या चिकातून शुद्ध केलेले असते, कारण त्या दुधात सिक्रीटरी आयजीए विपुल असते. आपण ज्याचा खरवस करतो त्या गाईच्या चिकात मात्र आयजीजी हा दुसरा वर्ग अधिक. वासराला नाळेतून प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती सगळी पहिल्या दुधातूनच पोचवावी लागतात.

आता या कुपीसोबत मी आयजीएचाच भाग असलेल्या अल्फा साखळीला ओळखणारे, लाल रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड लावते. एकट्या हिरव्यावर विसंबता येत नाही: ज्याच्या शरीरात आयजीए बनतच नाही, त्याच्याही आतड्याचे अस्तर या कुपीने हिरवे होते, कारण ग्राहक तिथे असतोच, लाळेत आणि दुधात सुटा सिक्रीटरी कंपोनंटही असतो, आणि स्रावांतील आयजीएम या आणखी एका वर्गालाही तोच तुकडा चिकटलेला असतो. एकटे लालही पुरत नाही, कारण ते रक्तातील आयजीएवरही पडते. दोन्ही रंग एकाच जागी दिसले आणि नियंत्रणाचा, म्हणजे कशालाच न ओळखणारे इम्युनोग्लोब्युलिन लावलेला, काप काळा राहिला, तरच "सिक्रीटरी आयजीए" हे शब्द वहीत जातात. मॅडमनी लाल पेनने खाडाखोड केलेले ते जुने पान वहीत अजून तसेच आहे.