जावा मॉड्यूलचा नकाशा: बाण कुठून निघतो आणि कधी लागतो

जावा मॉड्यूलच्या (प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागाच्या) डॉक्युमेंटेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र सापडतं. चार-पाच चौकोन, त्यांना जोडणारे बाण आणि कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वीची तारीख. चौकोन साधारण बरोबर असतात. बाण मात्र अर्धीच गोष्ट सांगतात: 'अ'ला 'ब' लागतं. कधी लागतं? कंपाइल करताना, सर्व्हर सुरू होताना, की महिनाअखेरीला रात्री रिपोर्टचा जॉब चालतो तेव्हा? मॉड्यूल मोडतं ते नेमकं याच 'कधी'वर, म्हणून मॉड्यूलची रचना आणि डिपेन्डन्सी (त्याला लागणारे बाहेरचे तुकडे) लिहायला सुरुवातही तिथूनच करावी.

समोर काहीतरी हवं म्हणून एक बिलिंग मॉड्यूल धरू. मेव्हन या बिल्डच्या साधनावर बिल्ड होणारं, स्प्रिंग बूट (ॲपचा सांगाडा), हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), पोस्टग्रेस (डेटाबेस), पीडीएफ काढायला एक लायब्ररी, आणि जीएसटीचे दर ठेवणारं दुसऱ्या टीमचं एक छोटं जार (कंपाइल झालेल्या क्लासेसचं गाठोडं). मेव्हनला काय लागतं ते सांगणाऱ्या पॉम फाइलमध्ये या शेवटच्या जारसाठी चार ओळी आहेत आणि चित्रात एक बाण. आता त्या बाणाकडे जवळून बघा.

दरांच्या जारमध्ये टक्केवारी 'पब्लिक स्टॅटिक फायनल इंट' अशा स्थिरांकात ठेवलेली आहे. प्रिमिटिव्ह (साधा आकडा वगैरे) किंवा स्ट्रिंग (मजकूर) प्रकारचा असा स्थिरांक, ज्याची किंमत कंपाइल होतानाच ठरलेली असते, जावा कंपायलर वापरणाऱ्या क्लासमध्ये थेट उतरवतो. बिलिंगच्या क्लास फाइलमध्ये १२ हा आकडाच जाऊन बसतो. चालताना दरांचं जार कोणी विचारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले आणि १२ टक्क्यांतल्या बऱ्याच वस्तू ५ टक्क्यांवर आल्या. समजा दरांच्या टीमने आकडा बदलून नवं जार सर्व्हरवर ठेवलं आणि बिलिंग नव्याने कंपाइल झालं नाही. बिलं १२ टक्क्यांनीच निघत राहतील. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये ओळ नाही, आणि जार उघडून पाहिलं तर त्यात नवा आकडा व्यवस्थित दिसतो! चित्रातला बाण खोटा नव्हता, पण तो फक्त कंपाइलच्या वेळचा आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. खरा उपाय म्हणजे स्थिरांकाऐवजी मेथड, किंवा त्याहून बरं, लागू तारखेसह दरांचं टेबल, कारण जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढताना जुना दर लागतोच. तोवर डॉक्युमेंटमध्ये एक वाक्य तरी हवं: दर बदलले की बिलिंगचा पूर्ण बिल्ड घ्यायचा.

तर डिपेन्डन्सीची यादी करताना तीन गोष्टी वेगळ्या धरा. पॉममध्ये लिहिलेलं, मेव्हनने प्रत्यक्षात निवडलेलं आणि बाइटकोडने, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडने, खरोखर वापरलेलं. तिन्ही याद्या क्वचितच जुळतात, आणि त्या जिथे जुळत नाहीत तिथेच लिहिण्यासारखं काहीतरी असतं.

निवडलेलं काय ते मेव्हनच्या 'डिपेन्डन्सी ट्री' या गोलमधून, म्हणजे कमांडमधून, कळतं. ती कोण कोणाला ओढून आणतं त्याचं झाड दाखवते. सोबत व्हर्बोज लावलं की कोणतं व्हर्जन संघर्षात गळालं तेही दिसतं. मेव्हनचा नियम साधा आहे: झाडात जो सर्वांत जवळ तो जिंकतो, अंतर सारखं असेल तर पॉममध्ये जो आधी लिहिला तो. पीडीएफ लायब्ररी एका छोट्या युटिलिटीचं १.४ व्हर्जन थेट मागते आणि दुसरी एक लायब्ररी, आपल्याच एका डिपेन्डन्सीमार्फत, त्याच युटिलिटीचं २.० मागते. मेव्हन १.४ घेईल. बिल्ड हिरवा होईल, आणि २.० मधली मेथड पहिल्यांदा हाक मारली जाईल तेव्हा 'नो सच मेथड एरर' येईल. हाच प्रकल्प ग्रेडलवर (मेव्हनसारखंच दुसरं बिल्डचं साधन) असता तर ग्रेडलने आपणहून मोठं व्हर्जन, म्हणजे २.० उचललं असतं. म्हणूनच मेव्हनवरून ग्रेडलवर जाताना झाड आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा जतन करावं.

असं व्हर्जन पॉमच्या 'डिपेन्डन्सी मॅनेजमेंट' भागात हाताने बांधलं असेल तर त्याच्या अगदी वरच्या ओळीत कॉमेंट लिहा: कोणामुळे बांधलं, कोणती चूक येत होती आणि कधी काढता येईल. विकीवर नको, पॉममध्येच. दोन वर्षांनी ती ओळ काढायला कोणाचाही हात धजत नाही, कारण ती का आहे हे कोणालाच ठाऊक नसतं.

खरोखर काय वापरलं ते बघायला मेव्हनचं 'डिपेन्डन्सी ॲनलाइझ' आहे. ते दोन याद्या देतं: वापरलेल्या पण जाहीर न केलेल्या, आणि जाहीर केलेल्या पण न वापरलेल्या. पहिली यादी गंभीरपणे घ्या. जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीचे क्लास तुम्ही थेट इम्पोर्ट करता, पण जॅक्सन येतंय स्प्रिंगच्या मागून. उद्या ती मधली कडी बदलली की तुमचा कोड पडेल. दुसरी यादी बघून मात्र लगेच कात्री चालवू नका. पोस्टग्रेसला जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर, लॉग लिहिणारं लॉगबॅक, स्प्रिंग बूटचे स्टार्टर हे सगळे तिथे 'न वापरलेले' म्हणून येतात, कारण तुमचा कोड त्यांचं नाव घेत नाही. ड्रायव्हरचा स्कोप 'रनटाइम' असा लिहिलात की ती गोष्ट पॉमच बोलून दाखवतो.

मॉड्यूलच्या आतली रचना, म्हणजे कोणतं पॅकेज कोणाला हात लावतं, ते जेडेप्स सांगतं. हे साधन जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) ८ पासून जेडीकेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. ते सोर्स वाचत नाही, क्लास फाइल वाचतं. स्प्रिंग बूटच्या जाड जारवर (सगळ्या लायब्ररी पोटात घेतलेलं जार) चालवलंत तर निराशा होईल, कारण आतल्या 'बूट-इन्फ' फोल्डरमधली जार ते उघडत नाही. टार्गेट फोल्डरमधल्या कंपाइल झालेल्या क्लासेसवर चालवा आणि क्लासपाथ (क्लास आणि जार कुठे शोधायचे ती यादी) नीट द्या, नाहीतर निम्म्या ओळींपुढे 'नॉट फाउंड' येतं. क्लासपाथवर एखादं मल्टी-रिलीज जार (जावाच्या वेगवेगळ्या व्हर्जनसाठी वेगळे क्लास ठेवणारं) असेल तर कोणत्या जावासाठी पाहायचं तो आकडा मल्टी-रिलीज ऑप्शनमध्ये द्यावा लागतो. डॉट आउटपुटचा पर्याय दिलात की ग्राफव्हिज या चित्र काढणाऱ्या साधनाला खायला घालता येईल अशी फाइल मिळते. ते कच्चं चित्र डॉक्युमेंटमध्ये जसंच्या तसं चिकटवू नका. पन्नास बाणांचं जाळं कोणी वाचत नाही. त्याचा उपयोग एकच: उलटे बाण शोधणं. डोमेन पॅकेजमधून (व्यवसायाचे नियम ठेवणारं) वेब पॅकेजकडे जाणारा एक बाण दिसला तर तो वाकवायचा की कारण लिहून ठेवायचा, हे त्याच दिवशी ठरवा.

जेडीकेच्या आतल्या कोडला कोण हात लावतं ते दाखवणारा, जेडेप्सचाच जेडीके इंटर्नल्सचा पर्याय एकदा चालवून निकाल लिहून ठेवा. जावा १७ पासून जेडीकेचा बहुतेक आतला भाग बाहेरच्यांना बंद आहे, त्यामुळे जुन्या लायब्ररीसाठी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये तो भाग मुद्दाम उघडणाऱ्या 'ॲड-ओपन्स'च्या ओळी येतात. त्या ओळी म्हणजेही डिपेन्डन्सीच, फक्त शेल स्क्रिप्टमध्ये लपलेली. कोणती ओळ कोणत्या लायब्ररीसाठी, एवढं तरी हवं. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालताना नावावरून क्लास शोधून, आत हात घालणारा कोड जेडेप्सला दिसतोच असं नाही, म्हणून या ओळी हातानेच नोंदवाव्या लागतात.

आता साधनांच्या पलीकडचं. हाताने लिहायचं ते खरं तर हेच. बाकीचं मशीनकडून काढून घ्यावं.

लॉगिंगचं उदाहरण घ्या. कोड फक्त एसएलएफफोरजे या लॉगिंगच्या सामाईक दर्शनी लायब्ररीच्या एपीआयवर कंपाइल होतो. प्रत्यक्ष लिहिणारा कोण हे चालताना ठरतं. १.७ मालिकेत ते एका ठरावीक नावाच्या क्लासवरून ठरायचं, २.० पासून सर्व्हिसलोडर या जावाच्या शोधून देणाऱ्या सोयीवरून ठरतं. कोणीतरी एपीआय २.० वर नेलं आणि लॉगबॅक १.२ तसंच राहिलं, तर ॲप सुरळीत सुरू होतं, सुरुवातीला कन्सोलवर 'प्रोव्हायडर सापडला नाही' अशा दोन-तीन ओळी येतात आणि त्यानंतर सगळे लॉग हवेत जातात. एसएलएफफोरजे काहीही न लिहिणाऱ्या लॉगरवर उतरतो. कंपाइलचा बाण बरोबर, रनटाइमचा तुटलेला. डॉक्युमेंटमध्ये ही जोडी एकत्र लिहा: एपीआय २.० असेल तर लॉगबॅक १.३ किंवा त्यापुढचं.

स्प्रिंगचं कंपोनंट स्कॅन (खूण केलेले क्लास आपोआप शोधणं), कॉन्फिगरेशनमधून नाव वाचून 'क्लास डॉट फॉरनेम'ने उचललेले क्लास, मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमधल्या फाइली, एनव्हायर्न्मेंट व्हेरिएबल, क्यूची नावं: यांतलं बहुतेक कुठल्याच झाडात नसतं. आणि सर्वांत मोठी लपलेली डिपेन्डन्सी म्हणजे टेबल. बिलिंग आणि वसुली अशा दोन मॉड्यूलांमध्ये जावाचा एकही बाण नाही, पण दोघंही त्याच 'इनव्हॉइस' टेबलात लिहितात. तर ती एकमेकांना इम्पोर्ट करणाऱ्या मॉड्यूलांपेक्षा घट्ट बांधलेली आहेत! म्हणून प्रत्येक टेबलापुढे लिहिणारा कोण आणि फक्त वाचणारा कोण, हे नोंदवा. लिहिणारे दोन निघाले तर ती ओळ ठळक करा.

सुरक्षेच्या बाजूनेही याद्या लागतातच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल, म्हणजे लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतली मोठी सुरक्षा त्रुटी, समोर आली तेव्हा प्रश्न साधा होता: आपल्याकडे लॉगफोरजे-कोअर आहे का आणि कोणतं व्हर्जन? २.१४.१ पर्यंतची बहुतेक २.x व्हर्जन्स बाधित होती. नुसतं लॉगफोरजे-एपीआय असणाऱ्यांना धोका नव्हता. पॉममध्ये शोधून उत्तर मिळत नव्हतं, कारण तो तिसऱ्या-चौथ्या पातळीवरून येत होता. काही ठिकाणी तर तो दुसऱ्याच्या जारमध्ये शेड करून, म्हणजे क्लासच आत कोंबून आलेला होता, आणि असं जार डिपेन्डन्सी ट्रीमध्ये एकच नाव दाखवतं. सायक्लोनडीएक्सचं मेव्हन प्लगइन प्रत्येक रिलीजला घटकांची यादी काढून देतं. ती रिलीजच्या जारशेजारीच साठवा, आणि शेड केलेल्या जारची नावं मात्र हाताने लिहा.

लिखाण कुठे ठेवायचं? पॉमच्या शेजारी एक रीडमी आणि प्रत्येक महत्त्वाच्या पॅकेजमध्ये पॅकेज-इन्फो फाइल. पॅकेज-इन्फोमध्ये तीन-चार वाक्यं पुरतात: या पॅकेजला काय ठाऊक आहे, काय ठाऊक असता कामा नये, बाहेरच्यांनी कोणत्या इंटरफेसमधून यायचं. जावाडॉक ते आपोआप उचलतं. चित्रासाठी सायमन ब्राउनच्या सी-फोर मॉडेलची (सॉफ्टवेअरचं चित्र चार पातळ्यांवर काढायची पद्धत) कंपोनंट पातळी मॉड्यूलला नेमकी बसते. त्याखालच्या कोड पातळीच्या नादी लागू नये, ती आठवडाभरात शिळी होते. चित्र प्लांटयूएमएल किंवा मर्मेडमध्ये (मजकुरातून चित्र काढणारी साधनं) लिहा, म्हणजे गिटमध्ये फरक दिसतो. प्रत्येक बाणावर क्रियापद हवं. 'वापरतं' हे क्रियापद बाद धरा, त्यातून काही कळत नाही. 'न भरलेली बिलं वाचतं', 'पीडीएफ मागतं आणि ३० सेकंद थांबतं' असं लिहा. तुटक रेघ म्हणजे रनटाइम, सरळ रेघ म्हणजे कंपाइल, आणि तशी सूची चित्रातच. दहा-बारा चौकोनांपुढे गेलात तर चित्र दोन करा.

निर्णयांसाठी मायकल नायगार्डने २०११ मध्ये मांडलेली छोट्या नोंदींची पद्धत अजूनही सर्वांत सोयीची आहे: परिस्थिती, निर्णय, स्थिती, परिणाम. एका निर्णयाला एक क्रमांकित फाइल. निर्णय बदलला तर जुनी फाइल खोडायची नाही, तिच्यावर 'रद्द, पहा क्रमांक अमुक' लिहायचं.

मॉड्यूल-इन्फोबद्दल (जावाच्या स्वतःच्या मॉड्यूल पद्धतीची फाइल) नेहमी विचारलं जातं. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, 'रिक्वायर्स', 'एक्सपोर्ट्स', 'ओपन्स' लिहून कंपायलरकडून तपासून घेता येतं, आणि कागदापेक्षा ते केव्हाही भारी. लायब्ररी लिहीत असाल तर जरूर करा. पण बहुतेक स्प्रिंग ॲप क्लासपाथवर चालतात आणि तिथे रनटाइमला मॉड्यूल-इन्फोकडे कोणी बघत नाही. शिवाय एकच पॅकेज दोन जारमध्ये विभागलेलं असेल तर मॉड्यूल पाथवर ते चालतच नाही. अशा ॲपमध्ये त्याच वेळेत आर्कयुनिट या रचना तपासणाऱ्या लायब्ररीचे पाच-सहा नियम लिहिणं जास्त फायद्याचं: डोमेनने वेबला हात लावायचा नाही, पॅकेजांमध्ये चक्र नको, परसिस्टन्सला (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडला) फक्त सर्व्हिस लेयरने बोलवायचं. हे साध्या जेयुनिट टेस्टसारखे चालतात. जुन्या मॉड्यूलवर पहिल्याच दिवशी शेकडो चुका निघतात. त्यासाठी फ्रीझची सोय आहे. आजच्या चुका फाइलमध्ये गोठवायच्या, नवीन एकही आली तर बिल्ड लाल.

डिपेन्डन्सीच्या यादीचंही तसंच करता येतं. डिपेन्डन्सी ट्रीचं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये गिटला टाका आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) नवीन काढून जुन्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर बिल्ड पाडा. पॉममध्ये एक ओळ बदलल्यावर मागून अकरा जार आले, हे मग रिव्ह्यू करणाऱ्याला पुल रिक्वेस्टमध्येच दिसतं. स्नॅपशॉट (अजून पक्की न झालेली) व्हर्जन असतील तर आधी ती काढा. त्यांचं जार आतून बदलतं पण झाडातलं नाव तेच राहतं, त्यामुळे ही ताडणी त्यांच्यापुढे आंधळी असते.