पन्नासच्या वेगाला थरथरणारी जीप

घराच्या शेडमध्ये मी जुन्या जीपा उभ्या करून देतो. इंजिन बसलं, गिअर अडकला, वायरिंग जळलं, या तक्रारींनी माझी कधी झोप उडत नाही. पण कोणी म्हणालं की “वेगात असताना पुढची चाकं नाचतात”, की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. त्यात माणूस जाऊ शकतो.

ही गाडी विलीजची सीजे-३बी. १९५३ साली बाजारात आलेलं हे मॉडेल बॉनेटवरून लांबूनही ओळखू येतं. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट उंच करावं लागलं. ती माझ्याकडे घेऊन आलेल्या मुलानं ती आधीच्या मालकाकडून सजवलेल्या अवस्थेत घेतली होती. पुढून उचललेली, मूळच्या ६.००-१६ टायरांच्या जागी रुंद आणि जड टायर. दिसायला देखणी, यात वाद नाही.

“काका, फक्त एक स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे हेलकावे दाबणारा शॉकअप, बसवून द्या,” तो म्हणाला. “सगळे तेच सांगतात.”

“आधी मला चालवू दे.”

मोकळ्या सरळ रस्त्यावर काटा पन्नासच्या जवळ गेला, डावं चाक एका खळग्यातून गेलं आणि पुढचा अख्खा ॲक्सल थडथडायला लागला. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना इतक्या जोरात फिरत होतं की पकडून ठेवणं अवघड. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, हळूहळू वेग उतरू द्यायचा. वीसच्या खाली आल्यावर गाडी अशी शांत झाली की काही घडलंच नव्हतं. शेजारी बसलेला मुलगा पांढराफटक पडला होता.

डॅम्पर बसवला असता तर हे थरथरणं बहुधा दबलं असतं. म्हणूनच मला तो आधी नको होता. डॅम्पर ढिलेपणा काढत नाही, फक्त जाणवू देत नाही. आणि ढिला भाग आत झिजतच राहतो.

जीप जॅकवर घेतली, स्टँड लावले. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला. इथे घाई केली की लोक हब उघडून व्हील बेअरिंग बदलून मोकळे होतात. मी मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. ब्रेक लागला की चाक आणि बॅकप्लेट एकत्र बांधली जातात, व्हील बेअरिंगचा प्ले असेल तर तो नाहीसा होतो. इथे तो तसाच राहिला. म्हणजे दोष किंगपिनच्या, चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये.

मग गाडी जमिनीवर घेतली आणि त्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला लावून मी खाली आडवा झालो. या जीपांमध्ये स्टिअरिंगचा जोर मधल्या बेलक्रँक नावाच्या फिरत्या तुकड्यातून दोन्ही टायरॉडांकडे, चाकं वळवणाऱ्या दांड्यांकडे, जातो, आणि तो बेलक्रँक हमखास झिजतो. इथे तो नवाच होता. आधीच्या कोणीतरी तिथे खर्च केला होता आणि पुढे बघितलं नव्हतं.

नकल, म्हणजे चाकाला धरून वळणारा सांधा, उघडल्यावर खालच्या किंगपिनच्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची कडी, मी उजेडात धरला. आतल्या चकचकीत पृष्ठभागावर रोलरांच्या जागी एकेक बारीक खाच उमटली होती, नखाला सरळ लागेल अशी. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी ठोके खातात. कप मी मुलाच्या हातात दिला. त्यानं नख फिरवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

या ॲक्सलचे बेअरिंग मी नेहमी जवळ ठेवतो. नवे बसवले, मग शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. कॅपखालचा शिम काढला की बेअरिंगवरचा ताण वाढतो, घातला की कमी होतो. टायरॉड आणि ऑइल सील बाजूला ठेवून नकलच्या आर्मच्या टोकाला ताणकाटा अडकवायचा आणि नकल फिरायला किती जोर लागतो ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. हे हाताच्या अंदाजानं करू नये असं माझं ठाम मत आहे.

पण ढिल्या बेअरिंगनं एवढा धिंगाणा एकट्यानं घातला नव्हता. या गाडीला कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे असलेला कल, कारखान्यातून ३ अंश असतो. मोजला तर जेमतेम अर्धा. कारण समोरच होतं. गाडी उंच दिसावी म्हणून पुढच्या पाट्यांना (पट्ट्यांच्या स्प्रिंगांना) लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारे झुलते दुवे, लावले होते. या जीपांचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो आणि किंगपिनचा तो कल संपतो. चाकाला आपणहून सरळ राहायला लावणारी ओढ त्या कलातूनच येते.

“म्हणजे उंची काढायची?” मुलाचा चेहरा उतरला.

“शॅकलनं आणलेली उंची काढायची. हवीच असेल तर पाटे बदलून घे.”

मूळ मापाचे शॅकल घातले. पाटे जुने, त्यामुळे कॅस्टर दोन अंशांवर थांबला. मग पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची पोलादी पाचर घातली, जाड बाजू पुढे. आणखी जाड पाचर घालायचा मोह टाळावा लागतो, कारण ॲक्सल मागे कलला की पुढचा पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला जोडलेला ॲक्सलचा दातेरी दांडा, खाली वळतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर कोन वाढतो. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं, जुळवलं, यू-बोल्ट पुन्हा आवळले.

संध्याकाळी त्याच रस्त्यावर, त्याच खळग्यावरून, साठच्या वेगानं गेलो. चाक आपटलं आणि सरळ झालं. परतताना गाडी मुलाला चालवायला दिली.

शेडमध्ये आल्यावर त्यानं विचारलं, “आता याहून मोठे टायर चालतील ना?”

मी मागचा ड्रम काढून त्याला दाखवला. नऊ इंचांचा ड्रम आणि चारही चाकांना मिळून ब्रेक तेलाचं एकच सर्किट. टायर मोठा झाला की याच ड्रमला तो थांबवायला जास्त जोर लावावा लागतो. आधी पुढे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर, मग टायरची गोष्ट. त्याला ते पटलं. गाडी अजून माझ्याकडेच आहे, पुढचे हब उतरवलेत.