घामाचा हिशोब : जूनची नोंद

मंडळी, चढायचा वेग नेहमीचाच होता, पण वेताळ टेकडीवरून उतरेपर्यंत टी-शर्ट पिळून काढावा असा. गटातले एक काका म्हणालेच, "अहो, या वयात एवढा घाम बरा नव्हे, दाखवून घ्या." म्हणून वजनकाटा कामाला लावला.

निघताना लघवीला जाऊन अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करायचं, आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा तसंच. ७१.४ किलोचे ७०.७ झाले. वाटेत ३०० मिली पाणी प्यायलो होतो, ते मिळवलं की तासाभरात साधारण १ लिटर घाम. गंमत म्हणजे एप्रिलमध्येही आकडा जवळपास हाच होता, आणि तेव्हा शर्ट जेमतेम दमट!

पुण्याचा एप्रिल कोरडा. घाम आला की उडतो, आणि पूर्ण उडालेला लिटरभर घाम सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जूनच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो, त्याने अंग गार होत नाही. म्हणून सध्या वेळ तीच ठेवून चढ सावकाश घेतोय.

वय वाढलं की घामाच्या ग्रंथी खरं तर कमी घाम देतात. तहानही उशिरा लागते, आणि मला भीती तिचीच जास्त वाटते. त्यामुळे तहानेची वाट न बघता मधूनमधून घोट घेतो, घरी आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत. वजन २ टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडलं असं धरतो. बीपीच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या, घेणाऱ्यांनी मीठ-पाण्याचं डॉक्टरांनाच विचारावं.

काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. अचानक गार घाम सुटून छातीत दडपण आलं तर काटा बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. इन्सुलिनवाल्यांना घामासोबत थरथर सुटली तर आधी साखर तोंडात. बसल्याजागी किंवा रात्री झोपेत भिजायला होत असेल तर थायरॉइड तपासावं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो.

पुढची नोंद सिंहगडाची, आतकरवाडीच्या वाटेने. काटा गाडीत टाकून नेतोय. गडावर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी खाल्ली तर हिशोब बिघडणार, म्हणून खाणं उतरल्यावरच. बायकोला हे अजिबात मंजूर नाही.