मरळीला दहा वाजता निघणारा माणूस

मरळ धरायची तर पहाटे, असं आमच्याकडं सगळेच सांगतात. शिवरात्र ते शिमगा या दिवसांत मी ते ऐकत नाही. पोहे खाऊन, दुसरा चहा झाला, ऊन अंगाला लागायला लागलं की गाडी काढतो. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला एका गावाचं तळं आहे, तिथं पोचेपर्यंत दहा वाजतात. पहाटेचे गडी तेव्हा मोकळ्या पिशव्या घेऊन परत निघालेले असतात. "आत्ता येऊलालास काय रे? ऊन झालं की!" असं त्यातलं कुणीतरी म्हणतंच.

ही सवय मला लागली बासच्या व्हिडिओंमुळं. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. तोंड अवाढव्य, स्वभाव दबा धरून बसायचा, राहायला गवत आणि पाणकणसाच्या कडा. म्हणजे आपल्या मरळीचा दूरदेशचा व्याही म्हणा. त्याचं वेड तिकडं किती, तर जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं १९३२ साली जॉर्जिया राज्यात धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासचा विक्रम लोक अजून सांगतात. त्याची बरोबरी झाली ती थेट २००९ मध्ये, आणि तीही जपानच्या बिवा तलावात. जपानमध्ये हा मासा १९२५ साली बाहेरून आणून सोडलेला. आता तिथल्या मूळ माशांना त्याचा इतका त्रास झालाय की कायद्यानं त्याला उपद्रवी ठरवलंय. तेव्हा आपल्याकडं कुणी हौशी माणसानं बास सोडायची टूम काढली तर त्याला आधी हे सांगावं.

तर हे बासवाले वसंताच्या सुरुवातीला मोठी खोल सरोवरं सोडून उथळ तळ्यांकडं पळतात. कारण सरळ आहे. पाणी कमी, तळाशी काळा गाळ, त्यामुळं ऊन पडलं की तेच आधी तापतं. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं पचन सुरू, हालचाल सुरू. पाणी १५-१६ अंशांच्या पुढं गेलं की नर उथळ जागी शेपटीनं तळ झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो.

हे वेळापत्रक इथं लावून उपयोग नाही. त्यांचा वसंत म्हणजे आपल्या भर थंडीतली पहाट. मरळीची वीणही मुख्यतः पावसाळ्यातली. पण त्यामागचा हिशेब मात्र इथं चालतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास. फेब्रुवारीत रात्री गारठा आणि दुपारी डोक्यावर टोपी लागते. हिडकलच्या धरणातल्या पाण्याला एवढ्यानं काही फरक पडत नाही. गुडघाभर पाण्याच्या तळ्याला पडतो. ते लवकर तापतं तसं रात्रीत लवकर निवतंही. मी फिशटँकचा थर्मामीटर सुतळीला बांधून सोडतो. परवा सकाळी सातला, मुद्दाम बघायला गेलो होतो, कडेच्या पाण्यात २० दाखवत होता. दुपारी दोनला त्याच जागी २७. उष्ण मुलखातली मरळ २० अंशांत पोट भरायला फारशी बाहेर पडत नाही.

बासवाल्यांची एक युक्ती मात्र इथं लागू पडत नाही. ते म्हणतात उत्तरेचा काठ धरा, तिथं ऊन जास्त आणि थंड वाऱ्याला आडोसा. तिकडं सूर्य कलता असतो म्हणून ते खरं. आपल्याकडं मार्चमध्ये तो जवळजवळ डोक्यावरच येतो, काठाकाठांत फार फरक राहत नाही. मी बघतो तो वारा कुठं अडतो ते, आणि तळ. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीतली तळी या बाबतीत झकास. खानापूरकडच्या लाल गढूळ पाण्यात मी कुजलेल्या लव्हाळ्याचा काळा पट्टा शोधतो.

तिथं बसायचं आणि आधी काही टाकायचं नाही. मरळीला हवा प्यायला वर यावंच लागतं. तिचं कल्ल्यांवर भागत नाही, वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यात गुदमरून मरते. बासला ही सोय नाही आणि ही अडचणही नाही. मरळ वर आली की शेवाळात एक 'पुळुक' होतं, दोन-चार बुडबुडे राहतात. तिच्या पलीकडं चार-पाच हात फ्रॉग टाकायचा. रबराचा पोकळ बेडूक, दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले, म्हणून गवतात अडकत नाही. दर थोड्या वेळानं त्याच्या पोटात पाणी भरतं, ते दाबून पिचकारीसारखं काढून टाकायचं, नाहीतर तो बसका होतो. ओढायचा, थांबवायचा, परत ओढायचा. शेवाळ खालून फुगतं, मग फटका. इथं हात आवरायचा. मासा बेडूक घेऊन खाली वळेपर्यंत थांबायचं, दोरीला वजन लागलं की मगच जोरात हिसका. तोंड हाडाचं आहे, लाजत मारलेला हिसका बसत नाही. दोरी जाड ब्रेडची, म्हणजे विणलेल्या धाग्याचीच हवी. शेवाळासकट ओढून काढावी लागते.

तळी लिलावानं दिलेली असतात, ठेकेदाराला विचारल्याशिवाय बसू नये. आमच्या तळ्यावरचा राखण्या अण्णा लांबूनच ओरडतो, "मीन सिक्कावेन्री?" म्हणजे मासे मिळाले का? मी मराठीत उत्तर देतो, तो कन्नडमध्ये हसतो, तंबाखूची देवघेव होते. त्याची अट एकच: पावसाळ्यात पिल्लांच्या तांबड्या घोळक्यावर गळ टाकायचा नाही. खालचे आईबाप तेव्हा राखणीच्या रागानं फ्रॉगवर तुटून पडतात, आणि ते गेले की पिल्लांना बाकीचे मासे खातात. असले व्हिडिओ टाकून लाइक गोळा करणारे आहेत. मला ते पटत नाही.

पाडवा झाला की मीही पहाटेच निघतो. तोवर दुपारचं पाणी उकडायला लागलेलं असतं आणि मरळ सावलीला पाणकणसाच्या मुळाशी जाऊन बसते. सकाळी साडेनऊच्या पुढं थांबण्यात अर्थ नाही. वैशाखात ठेकेदार जाळं ओढतो. त्यातून सुटलेल्या मरळी ओल्या गाळात शिरून पावसाची वाट बघतात आणि गावातली पोरं पायानं चाचपून त्या काढतात. त्यांच्यापुढं माझा रॉड काही कामाचा नाही.