माझा अनुभव : पडलेला ड्रोन आणि फुगलेल्या बॅटरीचे १७ दिवस

माझा ड्रोन झाडावर आदळून खाली पडला, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी त्रासाचा भाग होता. पडायला त्याला काही सेकंद लागले आणि मोडका ड्रोन कुरिअरच्या ताब्यात दिल्यावर बदली ड्रोन १० दिवसांत हातात आला. मात्र या दोहोंच्या मधले १७ दिवस तळहातावर मावेल एवढ्या एका बॅटरीपायी गेले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांचे निदान ते दिवस तरी वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

अपघातात चूक माझीच होती. २४९ ग्रॅम वजनाचा तो लहान ड्रोन मी मागे मागे नेत चित्रीकरण करत होते. त्याला अडथळे ओळखणारे सेन्सर फक्त पुढे आणि खाली आहेत, मागे एकही नाही, हे मला ठाऊक होते. पण पडद्यावरचे दृश्य इतके सुरेख दिसत होते की मागच्या फांदीकडे लक्षच गेले नाही. फांद्यांत अडकल्यावर मी घाबरून रिमोटवरची, ड्रोन वर नेण्याची दांडी दाबून धरली, ही दुसरी चूक. पाती अडकलेली असताना मोटर फिरवण्याचा हट्ट धरला, तर मोटर आणि तिला वीज पुरवणारे सर्किट तापून जळू शकते. अशा वेळी मोटर बंद करण्याची जी तातडीची खूण पुस्तिकेत दिलेली असते (माझ्या ड्रोनमध्ये दोन्ही दांड्या खाली आणि आतल्या बाजूला ओढायच्या असतात) ती हाताला सवयीची असायला हवी. माझ्या हाताला ती नव्हती.

ड्रोन खडकावर पडला. त्याच्या पुढच्या एका हाताला (मोटर जिच्यावर असते त्या भुजेला) तडा गेला होता, दोन प्रोपेलर मोडले होते, कॅमेरा स्थिर धरणारे गिम्बल आतल्या पातळ पट्टीसारख्या केबलला लोंबकळत होते आणि बॅटरीचा एक कोपरा चेपला होता. प्रोपेलर घरीच बदलता येतात. फक्त ते दोन उलट दिशांचे असतात आणि त्यांची अदलाबदल झाली, तर ड्रोन जमिनीवरून उठताच कोलांटी खातो. तडा गेलेला हात आणि गिम्बल मात्र आपल्या हातचे काम नव्हे. म्हणून मी ड्रोन पुन्हा चालू करून पाहिला नाही, बॅटरी लगेच काढून बाजूला ठेवली आणि फोनमधली उड्डाणाची नोंद जपून ठेवली. त्या नोंदीत उंची, कल, उपग्रहांची संख्या, बॅटरीचा विद्युतदाब आणि आपण दांड्या कशा हलवल्या हे सगळे क्षणाक्षणाला लिहिलेले असते, त्यामुळे ‘आपोआपच पडला’ असे सांगून कंपनीकडे काही साधत नाही. वॉरंटी कारखान्यातल्या दोषासाठी असते, उडवणाऱ्याच्या चुकीसाठी नाही. सुदैवाने मी ड्रोन घेतानाच अपघात संरक्षण योजना घेतली होती. तिच्यात ठरावीक शुल्क भरून, मोडका ड्रोन परत पाठवून दुसरा मिळतो. अर्ज ऑनलाइन भरला, चूक माझी असल्याचे त्यात सरळ लिहिले आणि तो तासाभरात मंजूरही झाला.

मंजुरीच्या पत्रात एक ओळ होती : ‘ड्रोन, प्रोपेलर आणि मूळ बॅटरी असा पूर्ण संच पाठवणे अनिवार्य आहे.’ पुढचे १७ दिवस या ओळीचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर बॅटरी फुगली होती. या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांच्या आतल्या सेलना धातूचे कडक कवच नसते, मऊ पाकीट असते. आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू तयार झाला की ते पाकीट उशीसारखे फुगते. तरीही मी सगळे एका खोक्यात भरून कुरिअरच्या कार्यालयात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने विचारले, “आत लिथियम बॅटरी आहे का?” मी हो म्हटले. “चांगल्या स्थितीत आहे ना?” मी खरे ते सांगितले आणि त्याने खोका माझ्याकडे परत सरकवला.

त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आता मान्य करते की त्याचे म्हणणे बरोबर होते. हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सुटी लिथियम-आयन बॅटरी यूएन ३४८० (धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दिलेला क्रमांक) आणि उपकरणात बसवलेली किंवा उपकरणासोबतची यूएन ३४८१ या क्रमांकाखाली येते, आणि खराब झालेली किंवा सदोष बॅटरी या दोन्ही प्रकारांत विमानाने नेण्यास मनाई आहे. अशा बॅटरीतला एखादा सेल स्वतःच तापत जाऊन पेट घेऊ शकतो, तो शेजारच्या सेलला तापवतो, आणि विमानाच्या मालकक्षात ते कोणाच्याही हाती उरत नाही. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी “चांगली आहे म्हणून सांगायचं, कोण उघडून बघतंय?” असा सल्ला दिला. तो मोह मला झाला होता, हे लपवत नाही. पण पार्सलमध्ये काय आहे हे जाहीर करणाऱ्या पत्रावर सही माझी असणार होती.

मग ड्रोन कंपनीच्या सेवा केंद्राला फोन. तिथे उत्तर मिळाले की बॅटरीशिवाय आलेला ड्रोन अपूर्ण संच समजला जातो आणि अर्ज रद्द होतो. मी कुरिअरचे म्हणणे सांगितले, तेव्हा दुसरे कुरिअर पाहा असे सुचवण्यात आले. दुसऱ्या कुरिअरने रस्त्याने नेण्याची तयारी दाखवली, पण खराब बॅटरीसाठी न जळणाऱ्या भरणाचे खास वेष्टन लागते आणि तसे वेष्टन आपल्याकडे नाही, असे सांगून त्यांनीही हात वर केले. पुन्हा फोन केला, तर या वेळी दुसरी व्यक्ती होती आणि तिला पहिल्यापासून सगळे सांगावे लागले. चॅटवर बॅटरीचे छायाचित्र मागितले गेले, ते मी पाठवले आणि उत्तरादाखल तीच ‘पूर्ण संच’ची ओळ जशीच्या तशी चिकटवून आली. सात दिवस पार्सल पोहोचले नाही म्हणून माझा अर्ज आपोआप बंद झाला, तो पुन्हा उघडायला आणखी दोन दिवस गेले आणि नव्या अर्जावर नवा क्रमांक पडल्यामुळे आधीचा सगळा पत्रव्यवहार त्यांना दिसेनासा झाला. एकाच्या नियमाने जी वस्तू पाठवलीच पाहिजे, ती दुसऱ्याच्या नियमाने पाठवताच येत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम. चूक कोणाचीच नसल्यामुळे भांडायलाही कोणी उरले नाही.

या दिवसांत ती बॅटरी मी पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून, घराबाहेर, जळण्यासारखे काही जवळ नसेल अशा जागी ठेवली होती. मिठाच्या पाण्यात बुडवून ती रिकामी करण्याचा उपाय मला अनेकांनी सांगितला. तो करू नये : पाण्याने आधी बाहेरची टोके गंजतात आणि आत चार्ज शिल्लक असतानाही बॅटरी संपल्याचा भास होतो. फुगलेली बॅटरी चार्ज करून पाहणे, दाबणे किंवा टोचून वायू काढणे याविषयी तर बोलायलाच नको.

अखेर रागावणे सोडून मी एक लहान पत्र लिहिले. सोबत तीन छायाचित्रे जोडली : फुगवटा दिसावा म्हणून पट्टीशेजारी ठेवलेली बॅटरी, तिच्यावरचा अनुक्रमांक, आणि पार्सल नाकारल्याचे कुरिअरने लिहून दिलेले पत्र. त्याखाली त्यांच्याच पुस्तिकेतले, खराब झालेल्या बॅटरीची वाहतूक करू नये, हे वाक्य पृष्ठ क्रमांकासह उतरवले आणि एकच प्रश्न विचारला : ही बॅटरी मी पाठवावी अशी आपली लेखी सूचना आहे का? हो किंवा नाही एवढेच कळवावे.

तासाभरात उत्तर आले. बॅटरी पाठवू नये. ई-कचरा संकलन केंद्रात जमा करून पावतीचे छायाचित्र पाठवावे. त्यांच्या अर्जात ‘बॅटरीची विल्हेवाट ग्राहकाने लावली’ असा पर्याय पहिल्यापासून होता, फक्त तो ग्राहकाला दिसत नाही, तो त्यांच्या बाजूने उघडावा लागतो. हे वाचून सुटकेचा श्वास टाकावा की फोन भिंतीवर फेकावा, हे मला ठरवता येईना. कुरिअरकडून लेखी नकार पहिल्याच दिवशी मागितला असता, तर हे सारे दोन दिवसांत आटोपले असते. तोंडी नकाराची कोणी दखल घेत नाही.

संकलन केंद्राला आधी फोन करावा, कारण फुगलेली बॅटरी सगळीकडे घेत नाहीत. नेताना तिच्या टोकांवर वीजरोधक चिकटपट्टी लावावी. पावती मिळाली त्याच दुपारी मी पुन्हा त्या कुरिअरच्या कार्यालयात गेले. कर्मचाऱ्याने विचारले, “आत लिथियम बॅटरी आहे का?” मी “नाही” म्हटले, आणि इतक्या रुबाबात म्हटले की त्याने मान वर करून पाहिले. दोन मिनिटांत पावती हातात पडली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती : ड्रोन पाठवण्यापूर्वी तो ॲपमधल्या आपल्या खात्यातून मोकळा करावा, नाहीतर तिकडे तो कुलूपबंद राहतो. मागितला नसेल तर रिमोट पाठवू नये. लोंबकळणारे गिम्बल मऊ कागदात गुंडाळून स्थिर करावे, म्हणजे प्रवासात आणखी काही तुटल्याचा वाद उद्भवत नाही.

बदली ड्रोनचा अनुक्रमांक वेगळा असतो. जिथे ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे तिथे ती नव्या क्रमांकाने करून घ्यावी लागते. जुन्या ड्रोनच्या उरलेल्या दोन बॅटऱ्या नव्याला चालल्या, पण आधी फर्मवेअर (ड्रोनच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागले. त्यानंतर होकायंत्राचे कॅलिब्रेशन केले, म्हणजे त्याची दिशा अचूक जुळवून घेतली, आणि आपोआप घरी परतण्याची उंची आसपासच्या झाडांपेक्षा वर ठेवली, कारण परतताना तो पुन्हा फांद्यांत अडकायला नको होता.

खोक्यासोबत आलेल्या यादीत ‘ड्रोन : मिळाला, प्रोपेलर : मिळाले, बॅटरी : मिळाली नाही’ असे छापले होते. मेमरी कार्डाचा त्यात उल्लेखच नव्हता. बॅटरीच्या नादात ते काढायचे माझ्याकडून राहिले आणि ते जुन्या ड्रोनबरोबरच गेले. ज्या दृश्यापायी हा सगळा खटाटोप झाला, ते त्याच कार्डावर होते.