तुम्ही विचारलंत म्हणून: स्कूटीवर कुऱ्हाड काबरं?

माझ्या स्कूटीच्या मागे नंबरप्लेटच्या वर कुऱ्हाडीचा एक स्टिकर आहे. आमच्या जळगावात गाडीच्या मागे लोक देवाचं नाव टाकतात, पोरांची नावं टाकतात, फार तर आई-वडिलांचा आशीर्वाद, त्यामुळे बाईमाणसाच्या गाडीवर कुऱ्हाड दिसली की पेट्रोलपंपावर, लग्नात, चक्कीवर कुणीतरी विचारतंच. एका काकांनी तर लाकडाची वखार आहे का म्हणून विचारलं होतं. दरवेळी मी हसून वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर सांगायला बसलं तर दळण होऊन जाईल.

तर ती कुऱ्हाड जोहाना मेसनची आहे. 'द हंगर गेम्स: कॅचिंग फायर' नावाचा पिक्चर आहे, 2013 चा, सुझान कॉलिन्सच्या कादंबरीवरचा. त्यात एक देश आहे, तिथलं सरकार दरवर्षी बारा जिल्ह्यांतून एकेक पोरगा आणि एकेक पोरगी उचलतं आणि चोवीस जणांना एका रिंगणात सोडतं, एकच उरेपर्यंत, आणि हे सगळं टीव्हीवर. जो उरेल त्याला घर, पैसा आणि पुन्हा कधी जायचं नाही हा शब्द. पण 75व्या वर्षी सरकार म्हणतं की यंदा जुन्या जिंकलेल्यांमधूनच नावं काढायची. म्हणजे शब्द गेला खड्ड्यात. जोहाना सात नंबरच्या जिल्ह्याची, लाकूडतोडीच्या, म्हणून हातात कुऱ्हाड. पिक्चर कॅटनिसचा आहे, जोहाना अर्ध्यात येते आणि येते तीच चिडलेली.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी होस्टेलला होते, मे महिना, कूलर नुसता गरम हवा फेकत होता आणि एका लॅपटॉपवर आम्ही सहा जणी. लिफ्टमधला सीन आला. जोहाना तिच्या ड्रेसवालीला शिव्या देत आत शिरते, कारण लाकडाचा जिल्हा म्हणून त्या बाईने तिला परत एकदा झाड बनवलेलं असतं, आणि तिथेच सगळ्यांसमोर तो ड्रेस काढून टाकते. कॅटनिसचं तोंड बघण्यासारखं होतं आणि आमच्या रूममधल्या निम्म्या पोरींचंपण तसंच. मग मुलाखतीचा सीन. बाकीचे जिंकलेले गोड बोलून, रडून लोकांना पाझर फोडायला बघतात, आणि ही थेट म्हणते की जिंकले तर सुखाने जगू देणार असं ठरलं होतं ना, मग आता परत मारायला का निघालात, आणि पुढे अशी शिवी घालते की वरून बीप वाजतो. आमच्या रूममध्ये टाळ्या पडल्या.

तेव्हा मला ती आवडली ती एवढ्यासाठीच, की बाई बेधडक बोलते. आमच्या सिरियलमध्ये चिडकी बाई एकतर खलनायिका असते नाहीतर शेवटच्या भागापर्यंत तिला कुणीतरी सुतासारखी सरळ करतो. जोहानाला कुणी सरळ करत नाही, तिला हिरोपण दिलेला नाही, जेना मलोनने ती अशी केलीय की लाडात येण्याची सोयच नाही.

पण स्टिकर तेव्हा नव्हता लावला. तो लावला दुसऱ्यांदा बघितल्यावर, आणि त्याचं कारण आमची मोठी माय.

मोठी माय म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, पारोळा तालुक्यात आमचं गाव, कोरडवाहू कापूस. घरोघर फिरून कापूस घेणारे व्यापारी दिवाळीनंतर यायचे, अंगणात काटा टांगायचे, मापात पाप हे सगळ्यांना माहीत, पण भाव रोख म्हणून लोक द्यायचे. आणि कापूस मोजायला लागला की मोठी मायचं तोंड सुरू. "आरे मुडद्या, काटाले हात लावू नको!" इथपासून त्या हमालाच्या सात पिढ्यांपर्यंत. मोठे बाबा लाजून गोठ्याकडे जायचे, व्यापारी दात काढायचा, म्हणायचा भाऊ बाई लई तापट बुवा तुमची. मी आठवी-नववीत असेन, मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका वर्षी मोजणी झाली, व्यापाऱ्याने वही वाचली, एकवीस तोल. मोठी माय ओरडायची थांबली. पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर सरकीचे दाणे मांडले, एकेक बोटाने सरकवत, अगदी सावकाश. तेवीस. प्रत्येक तोलाला तिने एक दाणा पदरात टाकला होता, तोंडाने शिव्या चालू असताना. एका तोलाला चाळीस किलो, म्हणजे ऐंशी किलो कापूस तो माणूस फुकट घेऊन चालला होता. बाई भांडतेय म्हटल्यावर बाई मोजत असेल असं कुणाच्या डोक्यातपण येत नाही ना. व्यापाऱ्याने वहीत खाडाखोड केली आणि चहा न पिता गेला.

आता हे डोक्यात ठेवून पिक्चर परत बघा. जोहाना रक्ताच्या पावसातून दोन म्हाताऱ्या शास्त्रज्ञांना ओढत आणते, वर त्यांना नावं ठेवते, वैतागते, कॅटनिसला ऐकवते की तुझ्यासाठी आणलेत हे, आणि आपल्याला वाटतं काय फाटक्या तोंडाची बाई आहे. पण दोन माणसं जिवंत पोचली ना. आकाशाकडे बघून राष्ट्राध्यक्षाला ओरडून सांगते की सगळ्यांनाच इथे आणून टाकू शकणार नाहीस. आणि शेवटी तारेच्या बंडलाने कॅटनिसच्या डोक्यात हाणते आणि सुरीने तिचा हात कापते, तेव्हा मलासुद्धा वाटलं होतं की घ्या, फिरली. तर ती हातातला ट्रॅकर काढत असते, सरकारला कॅटनिस कुठे आहे ते कळू नये म्हणून. सुटकेचा सगळा प्लॅन तिला आधीपासून माहीत, हिरोइनला नाही. इतका वेळ थयथयाट करूनही तिच्या तोंडून त्याचं एक अक्षर निघालेलं नसतं.

गंमत म्हणजे पुस्तकात असं आहे की पहिल्या वेळी ही बाई जिंकली ती रडूबाईचं सोंग करून. कुणी तिच्याकडे लक्षच दिलं नाही आणि मग तिने एकेकाला उडवलं. दुसऱ्या वेळी ते सोंग चालणार नव्हतं. पण म्हणून तिचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही, मोठी मायचापण नव्हता, वर्षाचा कापूस होता तो. पक्ष्यांच्या आवाजात आपल्या माणसांच्या किंकाळ्या ऐकवून बाकीच्यांना वेडं करतात, तेव्हा ही म्हणते की मला काय करणार, माझं प्रेमाचं कुणी उरलंच नाही. हे ती इतक्या सहज बोलून जाते की पहिल्यांदा मी तो डायलॉग ऐकलाच नव्हता, चिवडा खात होते. पुढे ती सरकारच्या हाती सापडते, पाण्यात भिजवून शॉक देतात, आणि तिसऱ्या पुस्तकात तिला साध्या अंघोळीच्या पाण्याची भीती बसलेली असते. तो भाग मी दुसऱ्यांदा नाही वाचला.

मागच्या दिवाळीत मोबाईलवर मोठी मायला तो आकाशाकडे ओरडण्याचा सीन दाखवला. लिफ्टचा नाही, तेवढी माझी हिंमत नाही. चष्मा लावून नीट बघितलं, भाषा कळत नव्हती, मी सांगत होते. बराच वेळ बघून म्हणाली, "हातमा कुऱ्हाड शे ना हिना, मंग वरडस काबरं?"

मी म्हटलं, तू का ओरडायचीस? तर मोबाईल माझ्या हातात देऊन उठली आणि अंगणात शेजाऱ्याची बकरी घुसली होती तिच्यावर ओरडायला गेली.