गुजरीतला खोका

अंबाबाईचं दर्शन लवकर आटोपलं आणि परतीच्या गाडीला तीन तास होते, म्हणून गुजरीत, कोल्हापूरच्या सराफबाजारात शिरलो. बायकोला साज बघायचा होता, मला नुसतं पंख्याखाली बसायचं होतं.

मी बँकेत नोकरीला आहे हे कळल्यावर सराफकाका उठले आणि तिजोरीतून एक कागद घेऊन आले. पिवळा, घडीवर विरलेला, मोडीत लिहिलेला. "वाचा की." मला मोडी येत नाही. मग त्यांनीच बोट फिरवत वाचलं: रुपये शंभर, निमे रुपये पन्नास, त्याचे दुप्पट पुरे देणे.

हुंडी! म्हणजे एका गावच्या सावकाराच्या पेढीनं दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली, अमक्याला इतके पैसे द्या अशी चिठ्ठी. निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट सांगायची, म्हणजे आकडा फुगवायला नुसतं एक शून्य वाढवून भागत नाही. दर्शनी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. शाहजोग असेल तर बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती. रोकड घाटातून न्यायची म्हणजे चोराचिलटांचं भय, त्यापेक्षा हुंडणावळ, म्हणजे हुंडीचं कमिशन, मोजलेली परवडायची. हुंडी हरवली तर पेठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, तीही हरवली तर परपेठ, म्हणजे तिसरी. आणि पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. काकांच्या हातात होता तो खोकाच.

"आताचा खोका येगळा," ते म्हणाले. दोघंही हसलो.

परीक्षेसाठी मी घोकलेल्या इतिहासात पेढी नव्हतीच. 1806 ची बँक ऑफ कलकत्ता, 1840 ची बँक ऑफ बॉम्बे, 1843 ची बँक ऑफ मद्रास, 1921 ला तिन्ही मिळून इंपीरियल बँक, 1955 ला तिची स्टेट बँक. झालं. त्यातली मुंबईची बँक मधेच एकदा बुडाली होती, ते मात्र काकांना सविस्तर सांगितलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरच्या सट्ट्यावर बँकेनं सैल हातानं कर्जं दिली, 1865 ला यादवी संपली, भाव कोसळले आणि 1868 पर्यंत बँकेचं दिवाळं वाजलं.

"कागद बघून दिलं आसंल. माणूस बघून न्हाई."

यावर मी गप्प. आमच्याकडे अजूनही कागदच बघतात.

तेवढ्यात साज पसंत पडला, घासाघीस झाली, चहा झाला. निघताना मी हुंडीचा फोटो काढायला मोबाईल वर केला, तर काकांनी त्यावर पंजा ठेवला.

"फोटो नगं. नाव हाय त्यात. त्या घरातली माणसं गावातच हायत अजून."